दुसरं बोलावणं

ठिकाण, वेळ, उपस्थिती

शनिवारी संध्याकाळी पाच वाजता दोनाता कोविएल्लो हिने सायकलींच्या खोलीत भाड्याने आणलेल्या बारा खुर्च्या गोल मांडल्या, मधोमध एक मोठा कोरा कागद अंथरला, कागदाच्या कडेने घेवड्याचे ठिपकेदार दाणे पाच-पाचच्या ढिगांत लावले, आणि ती बसली. पाच वाजून दहा मिनिटांनी तिने खुर्च्यांचा गोल थोडा आवळला. साडेपाचला चार खुर्च्या उचलून भिंतीशी ठेवल्या, म्हणजे येणाऱ्याला रिकामं रिकामं वाटू नये. पावणेसहाला ती उठून शेजारच्या खुर्चीवर बसली, मग तिच्या शेजारच्या. सहा वाजेपर्यंत तिचं सगळ्या खुर्च्यांवर बसून झालं होतं.

सहा वाजता दारात पानिगातीबाई आल्या. वय एक्क्याऐंशी, मुक्काम पहिला मजला. पाव्हिया शहरातल्या या सहा मजली इमारतीला पहिला चुना लागला, तेव्हापासून त्या इथे होत्या. त्यांनी मान आत घातली आणि खोलीभर नजर फिरवली.

"कोणी आलं नाही ना?"

"नाही," दोनाता म्हणाली.

"एकसुद्धा नाही?"

"एकसुद्धा नाही."

"छान!" पानिगातीबाई म्हणाल्या. "अगदी छान झालं हो." आणि भाजीची पिशवी सावरत वर गेल्या.

पाठोपाठ रोन्योनी आले. रेल्वेतून निवृत्त झाले त्याला सतरा वर्षं झाली होती, तरी सारी इमारत त्यांना गार्डसाहेबच म्हणे. ते उंबऱ्याच्या बाहेर बुटांची टोकं जुळवून उभे राहिले आणि कमरेत वाकून आत डोकावले.

"या ना, बसा," दोनाता लगबगीने उठली.

"छे छे! आत पाय पडला तर मला मोजावं लागेल." त्यांनी घड्याळ पाहिलं आणि वहीत लिहिलं. "सहा वाजून बारा. उपस्थिती शून्य."

"मी आहे ना."

"तुम्हाला धरायचं नसतं," गार्डसाहेब समजुतीच्या सुरात म्हणाले. "मस्त चाललंय तुमचं. असंच बसून राहा." टोपीला हात लावून तेही गेले.

दोनाता दक्षिणेकडची, डोंगरातल्या गावची. दुसऱ्याच्या फजितीला तोंडावर 'छान' म्हटलं तर तिच्या गावात दोन घरांची बोलचाल तीन पिढ्या बंद पडते. इथे मात्र लोक म्हणतात आणि भाजी घेऊन वर जातात. ती पावणेसातपर्यंत बसली. मग दाणे गोळा करून पिशवीत भरले आणि खुर्च्या एकेक करून चौथ्या मजल्यावर नेल्या, कारण लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर विचार करत थांबली होती.

पार्श्वभूमी

तिच्या गावात पाव आणायला गेलं तर अर्धा तास लागतो. पाव देण्याआधी पाववाली आईचे गुडघे, बापाचं खोकणं आणि लग्नाचं काय ठरलं हे सगळं विचारून घेते. एक दिवस तरी आपल्याला कुणी काही विचारू नये, असं दोनाताला लहानपणापासून वाटायचं. पाव्हियाने तिची ही इच्छा पुरेपूर पुरवली. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ती आली. आता नोव्हेंबर सरत आला होता आणि धुकं उठायचं नाव घेत नव्हतं. एवढ्या दिवसांत तिला कुणी विचारलेला एकमेव प्रश्न होता, "पिशवी हवी का?" तोही दुकानातल्या यंत्राने.

ती आंतरराष्ट्रीय विकास या विषयात एम.ए. करत होती. वर्गात पंचवीसजण. एकाने बुर्किना फासोत विहीर खणली होती, एकीने नेपाळात शौचालयं मोजली होती, एकजण बोलिव्हियात जाऊन नुसताच आजारी पडला होता, पण तेही चारचौघांत सांगण्यासारखं होतं. दोनाता आयुष्यात लांब अशी बारी शहरापर्यंत गेली होती, दाढ काढायला.

पहिल्याच आठवड्यात प्राध्यापक तावेर्ना म्हणाल्या होत्या, "चार-चारचे गट करा." तावेर्नाबाई माली आणि मोझांबिकमध्ये तीस वर्षं काढून आलेल्या, त्यांना कुठलंही काम मिनिटाच्या आत झालेलं आवडे. मिनिटात सहा गट झाले. पंचवीस भागिले चार, बाकी दोनाता.

"एकटीच का? वा, हलकाफुलका गट," बाई म्हणाल्या आणि फळ्याकडे वळल्या.

काम असं होतं. लांब कुठे जायचं नाही, आपण राहतो तिथेच आठ तरी माणसं एकत्र बसवायची. आपली अडचण काय, हे त्यांनीच सांगायचं, दाणे टाकून त्यांनीच मत द्यायचं आणि उपायही त्यांनीच ठरवायचा. अहवाल सोमवारी सकाळी दहाला. त्यात एक आकडा जरी मनचा घातला तर नापास, म्हणजे वर्ष गेलं. "आणि सूत्रधाराने स्वतःचं मत द्यायचं नाही," तावेर्नाबाईंनी बजावलं होतं. "मेलं तरी द्यायचं नाही."

वर्ष गेलं तर दोनाताला गावी परतावं लागणार होतं. ती निघाली तेव्हा गावातल्या बँडने तिला बस-थांब्यापर्यंत वाजवत पोचवलं होतं. बँड लावून निरोप दिलेल्या माणसाला परत येताना फार लपतछपत यावं लागतं.

म्हणून तिने नोटीस लिहिली:

*सर्व रहिवाशांची बैठक. शनिवार, सायंकाळी पाच. सायकलींची खोली. विषय: आपल्या इमारतीला काय हवंय? ज्यांना जमणार नाही त्यांनी आपल्या वतीने कुणाला तरी पाठवावं. – दोनाता कोविएल्लो.*

भिंतीवर चिकटपट्टी लावायला बंदी होती. जिन्यापाशी काचेची एक पेटी होती आणि तिचं कुलूप मोडलेलं होतं. नोटीस तिने पेटीत लावली.

सहभागी

आठ वाजता आईचा फोन आला.

"खाल्लंस का?"

"बसतेच आहे, आई."

"एकटीच?"

"नाही गं. आठजण आहेत आज."

"आठ! अगं बाई! आणि काय केलंस एवढ्यांना?"

"पास्ता," दोनाता म्हणाली. मायक्रोवेव्ह वाजला तसा तिने तो पटकन उघडला.

"आवाज नाही येत गं कुणाचा."

"जेवतायत ना, आई. तोंड भरलेलं आहे सगळ्यांचं."

फोन ठेवल्यावर ती बारा खुर्च्यांच्या गर्दीत उभ्याने जेवली. खोली नऊ फुटांची. खुर्च्या ठेवल्यावर बसायला जागाच उरली नव्हती. आठजण, असं ती आताच बोलून गेली होती. आठच तर हवे होते. तिने खुर्च्यांवरून हात लांब करून संगणक ओढला.

*सहभागी १: रोक्को, साठ वर्षं, पहिला मजला. सहभागी २: त्यांची पत्नी कार्मेला.* ही तिच्या मामा-मामीची नावं होती. मामा वारून चार वर्षं झाली होती, पण समस्या सांगायला तो हयातीत नेहमी पुढे असे. *सहभागी ३: विता, पाव विकते.* चौथा जरा तिरसट निघाला, म्हणाला लिफ्टचं खापर आमच्यावर फोडू नका. पाचवीने त्याला गप्प केलं. सहावा उशिरा आला म्हणून त्याला मागची खुर्ची मिळाली. दोनाता लिहीत गेली तसे ते बोलत गेले, भांडत गेले. एकदा ती स्वतःच मोठ्याने हसली. इतकी चांगली संध्याकाळ पाव्हियात तिची अजून झाली नव्हती. शेवटी तिने त्यांच्यात समेट घडवून आणला, कारण भांडून उठलेलं माणूस पुन्हा येत नाही. आठही जणांनी एकमताने लिफ्टला मत दिलं आणि एकमेकांना शुभरात्री म्हणून ते निघून गेले.

नऊच्या आत तिने अहवाल पाठवून दिला. आणि मग, आपण काय केलं हे कळून, पांघरुणात शिरून बसली.

उपस्थिती (दुरुस्त)

रविवारी संध्याकाळी पाचला दार वाजलं.

दोनाता दिवसभर रात्रीच्याच कपड्यांत होती. तिने दार उघडलं तर बाहेर गार्डसाहेब टाय लावून उभे.

"पाच वाजून चार," ते म्हणाले. "लोक खाली खोळंबलेत. आणि खुर्च्या कुठायत?"

"कुठले लोक?"

"बैठकीचे."

"बैठक काल होती."

"काल पहिलं बोलावणं होतं. आज दुसरं."

"मी दुसरं बोलावलंच नाही हो!"

"पहिलं असलं की दुसरं असतंच," गार्डसाहेब म्हणाले. सकाळनंतर संध्याकाळ होते हे सांगावं, असा त्यांचा सूर होता.

दोनाताच्या गावात प्रत्येकाचं आपलं दगडी घर. सामाईक इमारत आणि तिच्या बैठका तिने कधी पाहिल्या नव्हत्या. गार्डसाहेबांनी जिना उतरता उतरता, दोन्ही हातांत खुर्च्या घेऊन, तिला समजावलं. पहिल्या बोलावण्याला निम्म्याहून जास्त मालक लागतात. तेवढे कधी जमत नाहीत. अर्धवट जमले तर नुसता घोळ. म्हणून शहाण्या माणसाने पहिल्या बोलावण्याला जायचंच नाही. ते रद्द होतं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी जे भरतं त्याला थोडकी माणसं पुरतात.

"आपला व्यवस्थापक गिझोनी तर पहिलं बोलावणं पहाटे पाचला ठेवतो, चुकून कुणी यायला नको म्हणून. तुम्ही चक्क संध्याकाळचे पाच ठेवले! आम्ही म्हटलं, पोरगी धीट आहे."

"म्हणजे काल…"

"काल तुम्ही काय छान एकट्या बसलात! गिझोनी कधी स्वतः बसलेला नाही हो. घरी झोपून लिहून टाकतो, कोणी आलं नाही म्हणून. पानिगातीबाई तर म्हणाल्या, इतकी मन लावून बसलेली माणसं आता राहिली नाहीत."

सायकलींच्या खोलीत एकोणीसजण होते. ओव्हरकोट घालून, काहीजण घरच्या खुर्च्या घेऊन, न आलेल्यांच्या सह्यांचे कागद हातात धरून. एकट्या पानिगातीबाईंकडे सहा घरांचे कागद होते. दोनाता रात्रीच्या पायजम्यावर कोट चढवून आत शिरली तेव्हा सगळे उठून उभे राहिले.

"बसा, बसा," ती घाबरून म्हणाली.

"नवीन व्यवस्थापकबाई लहान आहेत हो फार," मागून कुणीतरी म्हणालं.

"लहान असू दे. गिझोनी मोठा होता, काय उपयोग झाला?"

"मी व्यवस्थापक नाही!" दोनाता म्हणाली.

"मग काचेच्या पेटीत नोटीस कशी?" पानिगातीबाईंनी विचारलं. "पेटीत ज्याची नोटीस, त्याची इमारत."

उत्तर द्यायच्या आत खुद्द गिझोनी आला. गळ्यात पांढरा मफलर. शहरातल्या चौदा इमारती त्याच्याकडे होत्या आणि त्यातली एक हातची चालली आहे असं त्याला कुणीतरी दुपारी फोनवर सांगितलं होतं.

"माझ्या पेटीत हात कोणी घातला?"

मग दोनाताने सगळं सांगितलं. आपण विद्यार्थिनी. आंतरराष्ट्रीय विकास शिकतो. आठ माणसं हवी होती.

"म्हणजे नेमकं काय शिकतेस, पोरी?" पानिगातीबाईंनी विचारलं.

"म्हणजे… गरीब देशांत जायचं. लोकांना आपल्या अडचणी आपणच मांडायला…"

"मग आमच्याकडे कशाला आलीस?" एकजण ताठ झाला.

"लिफ्ट पाहिली असेल तिने," पानिगातीबाई म्हणाल्या.

"ही बैठक बेकायदेशीर आहे," गिझोनीने जाहीर केलं. "घरी चला सगळे."

कुणी उठेना. गार्डसाहेबांनी घसा साफ केला. "बोलावणं पहिलं झालं, दुसरं झालं, माणसं खाली उतरली. रविवारचा टाय बांधलाय मी. आता गाडी मुक्कामी पोचल्याशिवाय कोणी उतरायचं नाही. बोल पोरी, काय करायचं?"

समस्या

दोनाताने नियम सांगितले. अडचण चिठ्ठीवर लिहायची, चिठ्ठी कागदावर ठेवायची. दर घराला पाच दाणे. ज्या अडचणीवर जास्त दाणे, ती मोठी. "आणि मी सूत्रधार आहे. मी मत द्यायचं नाही. मेलं तरी नाही."

"दाणे चांगले आहेत गं," पानिगातीबाईंनी एक उचलून उजेडात धरला. "वाया नको घालवू. झाल्यावर मला दे."

पहिली चिठ्ठी लिफ्टची. दुसरी कबुतरांची. तिसरी अंगणाच्या दाराची, ते आपटतं म्हणून. त्यावर चौथी, दार आपटत नाही, आपटणारे आपटतात म्हणून. वीस मिनिटांत असा गलका झाला की काल रात्रीचे तिचे आठजण फारच सभ्य वाटायला लागले. लिफ्टवर दाण्यांचा ढीग वाढत चालला आणि तिची दुरुस्ती टाळत आलेल्या गिझोनीने मफलर सैल केला.

मागे, सायकलींना टेकून, ऑरिका उभी होती. ती मोल्दोव्हाची. चौथ्या मजल्यावर, दोनाताच्या भिंतीपलीकडे, ब्याण्णव वर्षांच्या तेरेझीनाआजींना ती सांभाळायची. आजींचा सहीचा कागद घेऊन ती सहा वर्षं बैठकांना येत होती, आणि सहा वर्षं सायकलींना टेकूनच उभी होती.

"बसा ना," दोनाता म्हणाली आणि आपली खुर्ची तिच्याकडे सरकवली.

ऑरिका बसली. "मी एक लिहू?"

"लिहा की."

तिने ठळक अक्षरांत लिहिलं आणि चिठ्ठी मधोमध ठेवली: *४-ब.*

"४-ब म्हणजे?" गार्डसाहेबांनी वाकून वाचलं.

"४-ब मधली मुलगी," ऑरिका म्हणाली. "ही."

सगळ्यांच्या माना दोनाताकडे वळल्या.

"भिंत पातळ आहे," ऑरिका म्हणाली. तिला सगळ्यांपुढे बोलायची सवय नव्हती, म्हणून ती कागदाकडे पाहून बोलत होती. "रोज आठला आईला सांगते, आज सहाजण जेवायला, आज आठजण. मी ऐकते. मायक्रोवेव्ह एकदाच वाजतो."

दोनाताचे कान तापले. कुणीतरी काहीतरी म्हणून हे हसण्यावारी न्यावं, अशी ती मनात प्रार्थना करत होती. पण इमारतीच्या तोंडाचं झाकण उडालं होतं.

"कचऱ्याच्या पिशवीत दह्याची एकच डबी असते हो."

"टपालाच्या पेटीत हिच्या काहीच नसतं. माझी जाहिरातपत्रकं मी टाकतो कधी कधी, म्हणजे तेवढंच."

"लिफ्टमधल्या आरशाला ही 'काय, कसं काय?' म्हणते," गार्डसाहेब म्हणाले. "दोनदा ऐकलंय. दुसऱ्यांदा उत्तरही दिलंन."

"मी म्हटलं, मोठ्या शहरातली पोरगी, तिला कशाला त्रास द्या," पानिगातीबाई म्हणाल्या.

"मी चौदाशे वस्तीच्या गावची आहे," दोनाता कशीबशी म्हणाली. "आणि ही इमारतीची समस्या नाही. माझ्या मते…"

"मत!" गार्डसाहेबांनी बोट वर केलं. "सूत्रधाराने काय द्यायचं नसतं?"

"मत," दोनाता म्हणाली.

"केव्हा?"

"मेलं तरी."

पानिगातीबाईंनी सगळ्यात आधी आपले पाच दाणे ठेवले. मग सहा घरांचे तीस. गिझोनीने पाहिलं की लिफ्ट मागे पडू शकते, आणि त्याचा चेहरा उजळला. त्याच्याकडे एकही दाणा नव्हता, पण तो खुर्चीवर चढला. "मित्रांनो! यंत्रं दुरुस्त होतील कधीतरी. आधी माणूस! आधी माणूस!" त्याला खरोखर भरून आलं होतं. चौदा इमारतींत पहिल्यांदाच लोकांनी त्याचं ऐकलं.

सूत्रधार म्हणून निकाल दोनातालाच लिहावा लागला. *४-ब: चौसष्ट. लिफ्ट: एक्केचाळीस. कबुतरं: नऊ.* दाराला एक दाणा; तो चुकून घरंगळून आला होता असं नंतर ठरलं.

उपाय, निर्देशक, पडताळणी

हा भाग गार्डसाहेबांनी स्वतःच्या हाताने लिहिला, आणि दोनाताने तो जसाच्या तसा जोडला:

*सोमवार. १९.३० आगमन पानिगाती, पहिला मजला. सूप. २०.४५ निर्गमन.*
*बुधवार. १८.०० तेरेझीनाआजी, ४-अ. पत्ते. (आजी लबाडी करतात. करू द्यावी.)*
*शुक्रवार. १९.०० रोन्योनी. रेल्वेतल्या आठवणी, भाग पहिला ते चाळीस.*
*निर्देशक: मायक्रोवेव्ह आठवड्यातून चारदाच वाजावा.*
*पडताळणी: ऑरिका, भिंतीपलीकडून.*
*धोके: लाभार्थी लाजाळू आहे.*

निकाल

सोमवारी दहाला दोनाता तावेर्नाबाईंच्या टेबलासमोर उभी राहिली.

"शनिवारी पाठवलेला अहवाल खोटा आहे," ती म्हणाली.

"माहीत आहे," तावेर्नाबाई म्हणाल्या. "आठ माणसं, एका तासात, एकमताने. तीस वर्षांत मी असं फक्त अहवालांतच पाहिलंय. नियमाने तू नापास."

"हो." दोनाताने दुसरे कागद पुढे केले. "हे कालचं खरं. तुम्ही वाचावं एवढंच."

बाईंनी वाचलं. मधे एकदा चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं.

"यातला लाभार्थी कोण?"

"मी."

"काय हवं ते लाभार्थीला कुणी विचारलं?"

"नाही."

"तिचं मत घेतलं?"

"द्यायला बंदी होती."

"मग हा अगदी अस्सल विकास प्रकल्प आहे," तावेर्नाबाई म्हणाल्या. त्यांनी खणातून एक छापील कागद काढला. "लाभार्थीचा अभिप्राय. उद्या दहापर्यंत भरून आण. शनिवारचं पाप याने फिटेल, पण यात एक अक्षर खोटं असलं तर वर्ष गेलंच समज. सोपं नाही ते. मालीत एका गावाने मला तीन वर्षं सांगितलं, पंप छान चाललाय. तो पहिल्याच महिन्यात बंद पडला होता. मी येणार म्हटलं की बायका लांबून पाणी आणून त्यात ओतून ठेवायच्या."

"का पण?"

"ते मला अजून कळलेलं नाही," बाई म्हणाल्या.

लाभार्थीचा अभिप्राय

साडेसातला पानिगातीबाईंनी खोलगट ताटलीत तळलेला पाव ठेवला, त्यावर अंडं फोडलं आणि वरून उकळता रस्सा ओतला. टेबलाच्या पलीकडे गार्डसाहेब रुमाल खोवून बसले होते. "निरीक्षक म्हणून," ते म्हणाले. पण त्यांची ताटली आधीपासून मांडलेली होती. बायको गेल्यापासून अकरा वर्षं ते दर सोमवारी इथे जेवत होते.

दोनाताने पहिला चमचा तोंडात घातला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"रडू नको गं," पानिगातीबाई म्हणाल्या. "आता दर सोमवारी आहेच."

ते रडू नव्हतं, निदान सगळं नव्हतं. रस्सा समुद्रासारखा खारट होता. दोनाताने एक ग्लास पाणी प्यायलं, मग दुसरा. पानिगातीबाई मात्र आपल्या ताटलीतून समाधानाने खात होत्या. एक्क्याऐंशीव्या वर्षी जिभेची चव कुठल्या दिवशी गेली, हे त्यांना कोण सांगणार? त्या दोनाताच्या आईचे गुडघे कसे आहेत ते विचारत होत्या, बापाचा खोकला, लग्नाचं काय ठरलं. दोनाता सगळ्याची उत्तरं देत होती. उत्तरं देता देता तिने कागद मांडीवर घेतला आणि टेबलाआड लिहिलं, कारण उद्या दहाला तो द्यायचा होता.

"काय लिहितेस?"

"अभिप्राय. सुपाबद्दल."

"अगं बाई! वाच की मग."

"नको, ते… प्राध्यापकांसाठी आहे."

"सगळ्यांनी मिळून करायची गोष्ट आहे ना ती? तूच सांगितलंस. माझा चष्मा आतल्या खोलीत आहे. गार्डसाहेब, तुम्ही वाचा."

गार्डसाहेबांनी कागद घेतला, खिशातून चष्मा काढला. दोनाताने ग्लास घट्ट धरला. आता तो कागद परत मागता येत नव्हता, खोडता येत नव्हता, आणि पुढच्या सोमवारची ताटली तिला डोळ्यांसमोरून उचलली जाताना दिसत होती. मालीतल्या बायका पंपात पाणी का ओतत होत्या, हे तिला त्या क्षणी लख्ख कळलं. पंप गेला तर गेला. पण पंप बंद आहे म्हटलं असतं तर ती बाई पुन्हा कशाला आली असती?

"'सेवा वेळेवर मिळाली का?'" गार्डसाहेब वाचू लागले. "'हो. एकोणीस-तीस.' बरोबर. 'सेवेचा दर्जा.'"

ते थांबले. दोनाताने तिथे लिहिलं होतं: *मीठ फार आहे. पहिल्याच चमच्यावर दोन ग्लास पाणी लागलं.* गार्डसाहेबांच्या भुवया चढल्या. त्यांनी चष्म्यावरून दोनाताकडे पाहिलं, मग पानिगातीबाईंकडे. त्या पळी हातात धरून ऐकत होत्या.

"'दर्जा,'" गार्डसाहेबांनी ठासून वाचलं, "'उत्तम. घरची आठवण आली. आणखी मिळालं तर हवं.'"

"मग तोंडाने सांगायचं ना, वेडाबाई!" पानिगातीबाईंचा चेहरा लाल झाला. "आणि आणखी काय विचारलंय त्यात?"

"'प्रकल्प पुढे चालू राहावा का?'" गार्डसाहेबांनी वाचलं. इथे त्यांना काही बदलावं लागलं नाही. "'हो.'"

पानिगातीबाईंनी दोघांच्याही ताटल्या काठोकाठ भरल्या आणि आणखी पाव तळायला चुलीकडे वळल्या. त्यांची पाठ फिरताच गार्डसाहेबांनी कागदाची नीट घडी घालून तो दोनाताच्या कोटाच्या खिशात सरकवला आणि पाण्याचा जग तिच्याकडे ढकलला.

"आधी अर्धा ग्लास पाणी," ते कुजबुजले. "मग चमचा. मग उरलेला अर्धा. अकरा वर्षांचा अनुभव आहे, पोरी."